रंगविलेली सरकी आणि मधमाशी

मृग नक्षत्र जवळ आले की तापीकाठच्या बऱ्हाणपुरात बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची रीघ लागते. कपाशीच्या बियाण्याची लहानशी पिशवी फोडावी, तो आतली सरकी तांबडी, गुलाबी किंवा निळी निघते. हा रंग शोभेचा नव्हे. या बियाण्यास औषध चोळलेले आहे, ते खाऊ नये, जनावरांस घालू नये, त्याचे तेल काढू नये, असा इशारा त्या रंगात आहे. प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर तसे छापले पाहिजे, असे १९६८ च्या बियाणे नियमांनीच सांगितले आहे. माणसाला आणि गुराला हा इशारा कळतो. त्याच सरकीतून उगवलेल्या झाडाच्या फुलावर बसणाऱ्या मधमाशीला मात्र तो कोण सांगणार?

पूर्वी शेतकरी सरकी घरची ठेवीत असे. तिचे तंतू एकमेकांत गुंतू नयेत म्हणून तिला शेणमाती चोळून तो पेरणी करी. २००२ साली बी. टी. कपाशीला भारतात परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत संकरित बियाण्याने सारे रान व्यापले. हे बियाणे कारखान्यातूनच औषध लावून येऊ लागले. या औषधांत इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही दोन नावे प्रमुख होत. दोन्ही निओनिकोटिनॉइड या वर्गातील असून कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात.

या औषधांचा विशेष असा की ती आंतरप्रवाही आहेत. बऱ्हाणपूरकरांना हे समजावून सांगण्यास त्यांच्या गावचाच दाखला पुरेसा आहे. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ साली, सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यातून शहराकडे आणण्यात आले. तोच कुंडी भंडारा. डोंगरात मुरलेला थेंब डोळ्यांना दिसत नाही, पण दूरवरच्या कुंडीत तो प्रकट होतो. तसेच बियाण्यावरचे औषध मुळावाटे रसात उतरते, रसाबरोबर पानात चढते आणि त्याचा काही अंश पुढे फुलातील मधुरसात व परागात येतो. शिवाय लावलेल्या औषधापैकी फारच थोडा भाग पीक शोषून घेते. पुष्कळदा तो पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. उरलेले बहुतेक मातीत जाते, महिनोन्‌महिने तेथे राहते आणि पाण्यात विरघळून वाहूही शकते. बांधावरच्या रानफुलांच्या परागातही ही द्रव्ये सापडल्याचे इंग्लंडमधील अभ्यासाने २०१५ साली दाखविले.

या बीजप्रक्रियेची दुसरी बाजू विसरणे अन्यायाचे होईल. मावा, तुडतुडे, फुलकिडे ही रस शोषणारी कीड कोवळ्या रोपावर तुटून पडते. बीजप्रक्रियेने पहिले काही आठवडे रोप सुरक्षित राहते आणि एखाददुसरी फवारणी वाचते. फवारणी वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन विषाच्या धुक्यात चालण्यापेक्षा बियाण्यास चोळलेले औषध माणसाला कितीतरी कमी धोक्याचे आहे. म्हणून मधमाशी वाचविण्याच्या नावाखाली बीजप्रक्रिया बंद करावी आणि फवारणी वाढवावी, हा काही उपाय नव्हे.

तथापि मधमाशीची हानीही काल्पनिक नाही. थायामेथोक्झामचा अल्प अंश पोटात गेलेल्या माश्यांपैकी अनेक पोळ्याकडे परतत नाहीत, असे फ्रान्समधील प्रयोगात २०१२ साली दिसून आले. माशी जागच्या जागी मरत नाही, ती वाट चुकते. पोळ्याखाली मेलेल्या माश्यांचा खच पडत नाही, पण पोळे ओस पडत जाते. हंगेरी, जर्मनी व ब्रिटन या तीन देशांत झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. हंगेरी व ब्रिटनमध्ये मधमाश्यांना अपाय आढळला, जर्मनीत आढळला नाही. म्हणजे परिणाम स्थळाप्रमाणे बदलतो. म्हणूनच तो ज्या त्या ठिकाणी तपासला पाहिजे.

बऱ्हाणपूरच्या बाबतीत खरी अडचण निराळीच आहे. कापूस आणि केळी ही या जिल्ह्याची मोठी पिके. केळीचे फळ परागीभवनावाचून धरते. कपाशीच्या फुलावर माशी आली तर लाभच होतो, परंतु ती न आली तरी बोंड धरते. तेव्हा ज्याच्या शेतात औषधी सरकी पेरली जाते, त्याला माशी नाहीशी झाल्याचा तोटा जाणवतच नाही. तोटा जाणवतो तो शेजाऱ्याला. टरबूज, काकडी, दोडकी, गिलकी यांची नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. माशी आली नाही तर फळ वेडेवाकडे होते किंवा धरतच नाही. कांद्याचे बी धरणाऱ्याचीही तीच गत. सातपुड्याच्या कडेकपारीतील आग्या मोहोळ आणि झाडांच्या ढोलीतील सातेरी माशी कुणा एकाच्या मालकीची नाही. तिचे नुकसान एकाच्या बांधावर होते आणि भरपाई दुसऱ्याच्या मळ्यातून जाते.

इतर देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? जर्मनीत २००८ साली मक्याच्या बियाण्यावरचे औषध पेरणीयंत्राच्या वाऱ्याबरोबर धूळ होऊन उडाले आणि मधमाश्यांच्या ११ हजारांहून अधिक वसाहतींना त्याची बाधा झाली. युरोपीय संघाने २०१३ साली तीन निओनिकोटिनॉइडांवर निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतात त्यांचा वापरच बंद केला. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २०१८ साली निराळा मार्ग धरला. तेथे मका, सोयाबीन आदी पिकांचे असे बियाणे पेरायचे तर कृषितज्ज्ञाने गरज पटवून लेखी शिफारस दिली पाहिजे.

बऱ्हाणपूरकडे सरकी बहुधा हाताने टोकली जाते. जर्मनीसारखी धूळ येथे उडत नाही. म्हणून युरोपची बंदी जशीच्या तशी उचलणे योग्य होणार नाही. क्वेबेकचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे. आजार दिसण्यापूर्वीच प्रत्येकाला औषध पाजणारा वैद्य शहाणा ठरत नाही. शिवाय सतत एकच औषध वापरल्याने तुडतुड्यांत प्रतिकारशक्ती आल्याचे आढळले आहे. म्हणजे खर्च होतो आणि गुण येत नाही.

तेव्हा दुकानात औषध न लावलेले बियाणेही मिळाले पाहिजे. कोणते औषध किती लावले आहे, हे पिशवीवर शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत व अक्षरात छापले पाहिजे. कीड नेहमी येते त्या गावी प्रक्रिया करावी, इतरत्र टाळावी. बियाण्याला लावलेलेच औषध पुन्हा फुलोऱ्यावर फवारू नये, आणि फवारणी अटळच झाली तर ती माश्या पोळ्यात परतल्यावर सायंकाळी करावी. मधमाशीपालनासाठी केंद्र सरकारने २०२० साली पाचशे कोटी रुपयांची योजना जाहीर केली. एका हाताने मधपेट्या वाटाव्या आणि दुसऱ्या हाताने न मागता विष द्यावे, यात मेळ नाही.

शेतकऱ्याला औषध हवे असेल तर ते अवश्य मिळावे. परंतु ते हवे की नको, हे विचारण्याचा हक्क त्याच्याकडे परत आला पाहिजे. तो आला, तर शेजाऱ्याच्या टरबुजाच्या वेलीवर फिरणाऱ्या माशीचाही त्यात वाटा राहील.