थोडे, जरा, बरेच : यंत्राला समजलेली आपली भाषा
(वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



विज्ञानातील एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. मी यंत्रांच्या नियंत्रणाचे काम करणारा माणूस. म्हणून 'फझी लॉजिक' हा विषय निवडला. मराठीत त्याला धूसर तर्कशास्त्र म्हणू. नाव ऐकून बिचकू नका. या शास्त्राची बाराखडी तुमच्या घरात रोज बोलली जाते. 'भाताला पाणी जरा जास्त घाल', 'आच थोडी मंद कर' असे आई मुलीला सांगते. 'जरा' म्हणजे किती, हे ती सांगत नाही आणि मुलगीही विचारत नाही. तरी भात नेमका होतो.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. शिक्षण चौथीपर्यंत. वाफेच्या दाबाचा काटा पाहून ते आग कमीजास्त करीत. ते म्हणत, "काटा कुठे आहे एवढेच बघू नये, तो कुठे निघालाय ते बघावे. दाब थोडा कमी असेल पण झपाट्याने चढत असेल, तर हात आवरावा." हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते निवृत्त झाले आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर घरी आले. असे ज्ञान यंत्राला शिकवता येईल का, हा आजचा प्रश्न आहे.

साधा संगणक 'हो' आणि 'नाही' या दोनच शब्दांवर चालतो. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०. पुष्कळ कामांना एवढे पुरते, पण जग असे दोन रंगांचे नाही. परीक्षेचेच पाहा. ३५ गुणांना पास, ३४ ला नापास. त्या एका गुणाने मुलाची बुद्धी बदलते का? मुळीच नाही. कामाच्या सोयीसाठी आपण कुठेतरी रेघ ओढतो आणि पुढे ती रेघ आपणच ओढली होती, हे विसरतो.

ही अडचण गणिताच्या भाषेत मांडली लोत्फी झादे यांनी. त्यांचा जन्म १९२१ साली बाकू शहरी झाला. पुढे ते तेहरानला शिकले, तिथल्या विद्यापीठातून विद्युत अभियंता झाले आणि नंतर अमेरिकेत गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक असताना १९६५ साली त्यांनी 'फझी सेट्स' हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे : एखादी वस्तू एखाद्या गटात आहे किंवा नाही, एवढेच का विचारावे? किती प्रमाणात आहे, ते विचारावे. उंच माणसांच्या गटात कोणी ०.९ इतका असेल, कोणी ०.४ इतका.

विद्यार्थी मित्रहो, इथे एक गफलत टाळा. 'हा चहा ०.७ कडक आहे' याचा अर्थ तो कडक निघण्याची शक्यता दहात सात आहे, असा नाही. चहा तुमच्या समोर आहे, तुम्ही तो चाखला आहे. तो किती कडक आहे, त्याचे हे माप आहे. शक्यता ही घडेल की नाही याविषयी असते, धूसरता ही शब्दाच्या अर्थाविषयी असते.

या कल्पनेवर अनेक शास्त्रज्ञांनी कडक टीका केली. ती यंत्रावर चालवून दाखवली लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील इब्राहिम ममदानी यांनी. सांगायला आनंद वाटतो की आजच्या टांझानियात १९४२ साली जन्मलेल्या या संशोधकाने अभियांत्रिकीची पदवी आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घेतली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी आपला विद्यार्थी आसिलियन याच्यासह प्रयोगशाळेतील एक लहान वाफेचे इंजिन व त्याचा बॉयलर साध्या शब्दांतल्या नियमांवर चालवला. दाब हव्या त्या पातळीपासून किती दूर आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे, या दोन गोष्टी पाहायच्या आणि त्यानुसार उष्णता कमीजास्त करायची. तो निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला माझे वडीलच बोलताहेत असे वाटले.

हे घडते कसे? पंख्याचे उदाहरण घेऊ. दोन नियम करू : हवा उबदार असेल तर पंखा मध्यम, म्हणजे मिनिटाला २०० फेरे, हवा गरम असेल तर जोरात, म्हणजे ३०० फेरे. २८ अंशाला हवा पूर्ण उबदार आणि ३८ अंशाला पूर्ण गरम असे धरू. मग ३१ अंशाला ती ०.७ उबदार आणि ०.३ गरम ठरते. दोन्ही नियम लागू होतात, पण ज्याच्या त्याच्या वजनाने. २०० चे ०.७ म्हणजे १४०, ३०० चे ०.३ म्हणजे ९०. बेरीज २३०. पंखा २३० फेऱ्यांनी फिरेल. पारा ३२ वर गेला की २४०. कुठेही धक्का नाही, झटका नाही. खऱ्या यंत्रात नियम जास्त असतात आणि हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण मर्म हेच.

पुढे डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिट कंपनीने सिमेंटच्या भट्टीसाठी ही पद्धत वापरली; भट्टीवरच्या अनुभवी कामगारांचे ठोकताळे हेच तिचे नियम झाले. जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ साली सुरू झाली. तिच्या गाड्या सुटताना व थांबताना उतारूंना हिसका बसू नये, म्हणून हिताची कंपनीने कुशल चालकांची रीत याच शास्त्राने यंत्राला शिकवली. १९९० च्या सुमारास धुलाई यंत्रे आणि भात शिजवण्याची भांडीही या शास्त्रावर चालू लागली.

मात्र हा काही जादूचा दिवा नव्हे. नियम चुकीचे असतील तर यंत्रही चुकेल. ज्या यंत्राचे गणित नीट मांडता येते, तिथे जुन्या पद्धती उत्तम चालतात. आणि धूसर शब्दांना आकडे देण्यासाठी गणित मात्र चोखच लागते. 'थोडे' हा शब्द धूसर आहे, ०.३ हा आकडा नाही. म्हणून मुलांनो, गणिताचा कंटाळा करू नका.

पालकांना दोन गोष्टी सांगून संपवतो. पहिली : तुमच्या हातात जो हुनर आहे, मग तो शिवणकामाचा असो, गॅरेजमधला असो वा चुलीवरचा, तो अडाणीपणा नव्हे. शास्त्रज्ञांनी ज्याच्यापुढे वही घेऊन बसावे, असे ते ज्ञान आहे. ते मुलांना सांगा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. माझ्या वडिलांचे मी लिहून घेतले नाही, ही खंत मला आजही आहे.

दुसरी : निकाल हातात आला की 'हुशार' किंवा 'ढ' असा शिक्का मारू नका. एका विषयात नापास झाली म्हणून मुलीची शाळा सोडवू नका. ती किती प्रमाणात पुढे आली आणि तिचा काटा कुठल्या दिशेला निघाला आहे, तेवढे पाहा. तो चढत असेल तर तिला आणखी एक वर्ष द्या.