भिंतीवरचं हिरवं गोत

मनमाडसारख्या पर्जन्यछायेतल्या गावात पाणी हा रोजच्या बोलण्यातला विषय. तिथेही चार चांगले पाऊस झाले, की चुन्याच्या जुन्या भिंतीवर, पुलाखालच्या मोरीत, अनकाई-टनकाईच्या कातळावर हिरवी मखमल दिसू लागते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो. पण पाण्यात तरंगणारं, दगड बुळबुळीत करणारं ते शैवल. ही मखमल म्हणजे मॉस. तिला नाजूक दांडा असतो, पानं असतात. मात्र खरी मुळं, फुलं, बिया नसतात.

कोरड्या जागी तग धरणाऱ्या मॉसमध्ये ‘पॉटिएसी’ हे कुल महत्त्वाचं. हजाराहून अधिक जातींचं हे कुल मॉसमधलं सर्वांत मोठं मानलं जातं. त्याची ओळख कशी पटवायची? पान सुकलं की पिळवटतं किंवा आत वळतं. भिंगाखाली पाहिलं, तर पानाच्या वरच्या भागातल्या पेशींवर बारीक उंचवटे दिसतात. त्यांच्यामधल्या फटींतून, वातीत तेल चढावं तसं पाणी पानभर पसरतं. बीजाणूंच्या कुपीच्या तोंडाशी दातांचं कडं असतं. या कुलातल्या अनेक जातींत ते ३२ धाग्यांचं आणि सुंभासारखं पीळ घातलेलं असतं.

योहान हेडविग या शास्त्रज्ञाचा मॉसवरचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १८०१ साली प्रसिद्ध झाला. वर्गीकरणासाठी त्यानं हे दातच प्रमाण मानले होते. पण पॉटिएसीत तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे ओलसर भिंतींवर आढळणाऱ्या ‘हायोफिला इन्व्होल्युटा’ला दातच नसतात! रिचर्ड झँडर या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ मध्ये पानांची अंतर्रचना व इतर लक्षणं तपासून सारं कुल नव्यानं मांडलं. पुढे डीएनएच्या तपासणीनं त्यातलेही काही गट हलवले. कारण सोपं आहे. एकाच दुष्काळाला तोंड देता देता दूरचे नातलगही एकमेकांसारखे दिसू लागतात.

उन्हाळ्यात हीच मखमल तपकिरी, चुरगळलेली दिसते. ती मेलेली असतेच असं नाही. बहुधा नुसती थांबलेली असते. याच कुलातली ‘सिंट्रिचिया कॅनिनर्व्हिस’ ही वाळवंटी जाती ९८ टक्क्यांहून अधिक पाणी गमावूनही, पाणी मिळताच काही सेकंदांत कामाला लागते, असं चिनी शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवलं.

म्हणून एक विनंती. घराची भिंत रंगवायची तर खुशाल रंगवा. पण डोंगरावरच्या कातळावरची ही वाळकी गादी उगाच खरवडू नका. तिच्यात धूळमाती अडकते, ओल टिकते आणि मग तिथं गवताचं बी रुजू शकतं. उघड्या खडकावर माती धरून ठेवण्याचं काम ती कुणी न सांगता करते. आपल्या दुष्काळी मुलखाला असे शेजारी हवेच आहेत.