बाळ कुणाजवळ निजणार?

(गणेशोत्सवातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरत्या आणि जागरणाच्या दिवसांत झोपेवर बोलायचं म्हणजे जरा उलटंच. पण विषय घरोघरीचा आहे.

गेल्या वर्षी आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला इंदूरला माहेरी आली. नात महिनाभर आधीच झाली, वजन जेमतेम दोन किलो. आम्ही मऊ दुपटी काढली, मोहरीची उशी शिवली, मुलीच्या पलंगावर बाळाची जागा केली. मुलगी म्हणाली, "आई-बाबा, बाळ माझ्या खोलीतच झोपेल, पण पलंगावर नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." आम्हाला लागलं. आम्ही दोघंही आईच्या कुशीतच वाढलो की!

बाराव्या रात्री, तीनच्या सुमारास आम्ही पाणी प्यायला उठलो. पलंगावर डोळा लागेल म्हणून मुलगी सोफ्यावर बसून पाजत होती आणि तिथेच तिला झोप लागली होती. बाळ घसरून तिचा दंड आणि सोफ्याची उशी यांच्या फटीत गेलेलं, नाक उशीला टेकलेलं. उचललं, तशी नात रडली. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आम्हीच विचारलं. त्यांनी समजावलं: सोफा सगळ्यांत धोक्याचा, तिथे डुलकी लागण्यापेक्षा उशा-पांघरुणं दूर सारून पलंगावर पाजणं बरं. बाळाला पाठीवरच निजवावं. अंथरूण घट्ट हवं, उशी नको, अगदी मोहरीचीसुद्धा. पहिले सहा महिने सर्वांत जपायचे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर जास्तच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर बाळाला शेजारी घेऊच नये. अमेरिकेत 1994 साली 'बाळाला पाठीवर निजवा' अशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मग आम्हाला आमचा रामबागेतला वाडा आठवला. तिथे जमिनीवर पातळ, घट्ट गादी असे. फोमची गादी नव्हती, सोफा नव्हता. आणि बाळंतिणीच्या खोलीत आजी नाहीतर आत्या जागी असायची. बाळ कुशीत होतं हे आमच्या लक्षात राहिलं. शेजारी कुणी जागं होतं, हे आम्ही विसरलो.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. आत्याचं पहिलं बाळ झोपेतच गेलं होतं. दृष्ट लागली, असं म्हणून सगळे गप्प बसले. आत्याने मात्र जन्मभर स्वतःलाच दोष दिला. कारण काय होतं, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. पण जुन्या काळी सगळं ठीकच होतं, असं आता आमच्याच्याने म्हणवत नाही.

त्या दिवसापासून पाळणा मुलीच्या पलंगाला लागून ठेवला. रात्रीचं पाजणं पलंगावर, आणि आमच्यापैकी एकजण खुर्चीत जागा. पाजून झालं की बाळ पाळण्यात. तीन महिने आम्ही पाळ्या लावल्या. डोळे चुरचुरले, पण मुलगी निर्धास्त झोपली.

आता नात वर्षाची होऊन गेली. दुपारी आमच्या मध्ये लोळते, लाथा मारते. ते सुख पळून जात नाही, थोडं थांबावं लागतं इतकंच.

तेव्हा आजी-आजोबांनो, सुनेने किंवा लेकीने पाळणा वेगळा मांडला तर रुसू नका. खुर्ची ओढा आणि शेजारी जागे राहा.

गणपती बाप्पा मोरया!