आजारी सैनिकाचा हक्क

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात झालेले भाषण)



लष्करी नोकरी ही आपल्या समाजाची जुनी वाट आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून धम्मदीक्षा घेतलेल्या कित्येक घरांत आजही निवृत्त जवान आढळतो. त्याच्या हक्काविषयी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

भरतीच्या वेळी जवानाची कसून वैद्यकीय तपासणी होते. पुढे बर्फात आणि वाळवंटात वर्षे काढल्यावर त्यास रक्तदाब, फेफरे वा मनोविकार जडतो. नोकरी सुटताना मेडिकल बोर्ड लिहिते, 'आजार प्रकृतिजन्य आहे. नोकरीशी संबंध नाही', आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते. तो कागद पाहून घरची वडील माणसे म्हणतात, 'नशिबाचे भोग!'

धम्म स्वीकारलेल्या घरास हे उद्गार शोभत नाहीत. कारणावाचून कार्य नाही, ही भगवान बुद्धाची शिकवण आहे. आजचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय, हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अमान्य केले. मग आपण बोर्डासही कारण विचारू नये काय?

धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तेच विचारले. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरावे; पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये; बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहावीत, असा तो निर्णय आहे. तो 1982 च्या नियमांवर आधारलेला आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते पाहून घ्यावेत.

आता करावयाचे काय? प्रथम बोर्डाच्या अहवालाची प्रत मागावी. अपंगत्व 20 टक्के वा अधिक ठरविले आहे काय, ते पाहावे. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. ते फेटाळल्यास दुसरे अपील, आणि त्यानंतर 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. उशीर झाला म्हणून हताश होऊ नये. पेन्शन न मिळण्याचा अन्याय दरमहा नव्याने घडतो, हे तरसेम सिंग खटल्यात 2008 साली मान्य झाले आहे. मात्र थकबाकी सामान्यतः तीनच वर्षांची मिळते.

वकिलास पैसे नाहीत, असे म्हणू नका. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जातींस मोफत विधी साहाय्य आहे, आणि 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा लाभला आहे. धर्मांतराने हा हक्क बुडालेला नाही.

पुढील रविवारी आपापल्या पेटीतील कागद विहारात घेऊन या. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी अर्ज लिहावेत. सैनिकास दया नको. त्यास त्याचा हक्क हवा.

जय भीम!