फणसाचं बेचकं आणि उलट्या रेषा

वैभववाडीतून बोलतोय. मागे पाऊस ऐकू येतोय तो खराच आहे, इफेक्ट लावलेला नाही.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या परड्यातला फणस आडवा झाला. आत्याने लग्नाआधी लावलेला. त्याचाच एक वाडगा करून तिला द्यायचा, असं मी तेव्हाच बोलून बसलो. तुकडे ठेवले, पण बरेचसे वाळताना तडकले. राहिला एकच, बेचक्यातला. जिथून दोन फांद्या फुटतात ना, तिथला. दिसायला सगळ्यात देखणा आणि लेथवर सगळ्यात खट्याळ.

आता खट्याळ म्हणजे काय? वाडग्याचं लाकूड लेथवर बहुतेक आडवं बसवतात. त्यामुळे एका फेऱ्यात पटाशी दोनदा रेषांच्या बाजूने कापते आणि दोनदा उलट. मांजराच्या पाठीवरून हात उलटा फिरवल्यासारखं. तिथे तंतू कापले न जाता उपटले जातात. म्हणून नियम असा, की बाहेरून बुडाकडून काठाकडे यायचं आणि आतून काठाकडून तळाकडे जायचं. साधं लाकूड हे ऐकतं. पण फणसाच्या रेषा मुळातच एकमेकींत गुंतलेल्या, त्यात बेचकं! तिथे सरळ बाजू अशी नसतेच.

माझं तेच झालं. आत समोरासमोर दोन खरखरीत पट्टे. काढायला गेलो, अजून खोल उपटलं. भिंत बारा मिलीमीटरची आठवर आली, तेव्हा घाम फुटला. दुसरा तुकडा नाहीये ना!

लेथ बंद केला. शेजारचे सुतारकाका आले, पटाशीच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "पटाशेक धार नाय, आणि लाकडाक कित्याक बोल लावतंस?"

झालं. नव्याने धार लावली. खरखरीत जागी ब्रशने थोडं पाणी लावलं, तंतू जरा नरम पडतात. पटाशी तिरकी धरली, म्हणजे धार विळीसारखी सरकत कापते. आणि काप इतका हलका, की लाकडाचा भुगा नाही, केसासारखी सळ निघाली पाहिजे. दर दोन कापांनंतर लेथ थांबवून बोटाने बघायचं. थांबवून, बरं का! फिरत्या लाकडाला हात लावायचा नाही, आणि चेहऱ्यावर शील्ड हवंच. बेचक्यात लपलेली तडक असू शकते. पॉलिश पेपरने घासून पट्टे जातील या भ्रमात राहू नका. मी तासभर घासलं, आजूबाजूचं मऊ लाकूडच झिजलं.

एक पट्टा गेला. दुसऱ्याचा नखाएवढा ठिपका राहिला, भिंत सात मिलीमीटर. तिथेच सोडलं. जवसाचं तेल लावल्यावर पिवळा रंग असा काही उठला! याच फणसाच्या लाकडाची वीणा करतात, ते उगाच नाही.

रविवारी वाडगा आत्याकडे नेतोय. ठिपका तिला दाखवू की नको, ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं? व्हॉइस नोट पाठवा.