फारकतीचा कागद आणि कोर्टाचा हुकूमनामा

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज घटस्फोटाबद्दल बोलायचं आहे. विषय नको वाटतो, पण माहिती नसल्यानं जास्त नुकसान आपलंच होतं.

आमच्या सल्ला केंद्रात एक ताई आल्या. हातात पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची फारकत. चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. 'मी मोकळी झाले, आता माहेरचे दुसरं स्थळ बघताहेत,' म्हणाल्या. आम्हांला सांगावं लागलं, 'ताई, कायद्यानं तुमचं लग्न अजून मोडलेलं नाही.' त्या बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याप्रमाणे घटस्फोट कोर्टच देतं. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण वाद झाला तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नोटरीच्या शिक्क्यानं ते होत नाही. अशा कागदावर दुसरं लग्न केलं, तर ते रद्दबातल ठरू शकतं आणि दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मागणंही अवघड होतं.

मग रीतसर वाटा कोणत्या?

पहिली, दोघांच्या संमतीची. वर्षभर नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेले नसाल, तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टात जबाब द्यायचा. समेटाची आशाच नसेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. पोटगी, मुलांचा ताबा, तुमचं स्त्रीधन, सगळं अर्जातच लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: निकाल लागेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. नवऱ्यानं घेतली तर ही वाट बंद होते. तुमच्याकडून दबावानं सही घेतली असेल, तर तुम्हीही न्यायाधीशांना तसं सांगू शकता.

दुसरी वाट, एकानंच अर्ज करण्याची. इथं कारण सिद्ध करावं लागतं: शारीरिक किंवा मानसिक छळ, व्यभिचार, सलग दोन वर्षं टाकून देणं, धर्मांतर अशी कारणं कायद्यात दिली आहेत. साक्षीपुरावे, उलटतपासणी होते, म्हणून वेळ लागतो. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार, फोनवरचे मेसेज जपून ठेवा. लग्नाला वर्ष झालं नसेल, तर फारच हाल असल्याशिवाय कोर्ट अर्ज घेत नाही.

तिसरी वाट अनेकींना ठाऊकच नसते. लग्न न मोडता वेगळं राहण्याची परवानगी कोर्टाकडून मिळते, तिला न्यायिक विभक्तता म्हणतात. पोटगीसाठीही घटस्फोटच हवा असं नाही. घरात मारहाण होत असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहायला जागा आणि खर्च मागता येतो.

मुस्लिम भगिनींनो, एका दमात दिलेला तीन तलाक 2019 च्या कायद्यानं रद्द आणि गुन्हा ठरला आहे. बाईला खुला मागता येतो, आणि 1939 च्या कायद्यानं कोर्टातही जाता येतं. ख्रिस्ती आणि पारशी भगिनींचे कायदे वेगळे आहेत. नोंदणी पद्धतीनं, म्हणजे विशेष विवाह कायद्यानं लग्न झालं असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्यानं होतो.

अर्ज कुठं करायचा? हिंदू विवाह कायद्यात बाईला सोय आहे: ती आज राहते, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. माहेरी असाल तर माहेरच्या. कौटुंबिक न्यायालय नसेल, तर दिवाणी न्यायालयात. वकिलाला पैसे नाहीत? बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा, किंवा 15100 वर फोन करा.

निकालानंतर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असते. ती संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची घाई नको.

त्या ताईंनी आता मोफत वकील घेऊन अर्ज केला आहे. स्थळ थांबलं आहे. 'उशीर झाला तरी चालेल, या वेळी कागद खरा हवा,' असं त्या म्हणतात.

तुमच्या शेजारी कोणाकडे असा स्टॅम्पपेपर असेल, तर तिला आजच सांगा.