सर्जन तयार, तरी ऑपरेशन आज नाही!

आजचा प्रश्न जरा विचित्र आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची आतडी छातीत शिरलीत, त्याला श्वास घेता येत नाहीये, सर्जन समोर उभे आहेत आणि म्हणतात, “आज नको, थांबूया.” नातेवाईक चिडणारच ना? पण थांबण्यामागे कारण आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत तो पूर्ण व्हायला हवा. काही बाळांमध्ये त्यात भोक राहतं, बहुतेकदा डावीकडे. तिथून आतडी, जठर, कधी यकृतसुद्धा छातीत सरकतं. हा जन्मजात डायाफ्रामॅटिक हर्निया. साधारण 3,000 बाळांमागे एकाला होतो. आणि हो, आईनं ग्रहणात काही चिरलं म्हणून हे होत नाही. घरच्यांना हे आधी सांगा.

मग भोक शिवून टाका की! पूर्वी तेच करायचे. 1946 मध्ये बोस्टनचे सर्जन रॉबर्ट ग्रॉस यांनी एका दिवसाच्याही आतल्या बाळावरच्या यशस्वी ऑपरेशनची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं बाळ जन्मलं की लगेच टेबलावर. तरी बरीच बाळं दगावायची. 1980 च्या दशकात डॉक्टरांना कळत गेलं की खरी अडचण फुफ्फुसांत आहे. जागाच न मिळाल्यानं ती लहान राहतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. भोक शिवलं म्हणून फुफ्फुस रातोरात वाढत नाही.

म्हणून आता आधी बाळाला स्थिर करतात. जन्मताच श्वासनलिकेत नळी घालतात. मास्क लावून हवा देणं टाळतात, कारण ती हवा आतड्यांत जाते, आतडी फुगतात आणि फुफ्फुसं आणखी दबतात. जठरातली हवा काढायला दुसरी नळी. व्हेंटिलेटरही हळुवार चालवतात. ऑक्सिजन, रक्तदाब स्थिरावला की मग ऑपरेशन, बऱ्याचदा काही दिवसांनी. बरगड्यांखाली छेद घेऊन अवयव अलगद खाली आणतात. भोक लहान असेल तर टाके, मोठं असेल तर कृत्रिम पॅच. मूल वाढतं, पॅच वाढत नाही, त्यामुळे हर्निया पुन्हा होऊ शकतो. नंतरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

एवढं करूनही प्रत्येक बाळ वाचत नाही. फुफ्फुस किती वाढलंय, यावर बरंच अवलंबून असतं.

मग आपल्या हातात काय? 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, जिला अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणतात. त्यात हे दिसलं, तर लगेच ठरवा: बाळंतपण कुठे? एनआयसीयू आणि लहान मुलांचे सर्जन एकाच ठिकाणी असतील तिथे. जन्मानंतर व्हेंटिलेटरवरचं बाळ घेऊन घाट उतरण्यापेक्षा आईच्या पोटातूनच त्याला तिथे नेणं केव्हाही सुरक्षित.

तुमची ताई, वहिनी, मैत्रीण गरोदर असेल तर आजच विचारा, “स्कॅनची तारीख घेतलीस का?” चला, भेटू पुढच्या भागात!